छाती दाबणारी यंत्रं: सीपीआरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं. त्यातलं छाती दाबण्याचं काम करणारं यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये किंवा आयसीयूत पाहिल्यावर नातेवाइकांना पडणारे, नवे पॅरामेडिक आणि परिचारिका प्रशिक्षणात विचारतात ते, आणि यंत्र घ्यावं की नाही या विचारात असलेल्या रुग्णालयांचे, असे सगळे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. समोर कोणी कोसळलं असेल तर हे वाचत बसू नका. आपत्कालीन सेवेला फोन लावा, स्पीकर चालू ठेवा आणि छातीच्या मधोमध हातांनी जोरात दाबायला लागा.

यंत्राने सीपीआर म्हणजे नेमकं काय होतं?

हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाची छाती हातांऐवजी यंत्र दाबतं. ठरलेल्या खोलीपर्यंत, ठरलेल्या वेगाने आणि न दमता. हृदय सुरू करणं, शॉक देणं, श्वास देणं यातलं काहीच ते करत नाही. नाडी परत आली की नाही हेही त्याला कळत नाही. हृदय सुरू झालं असलं तरी कोणी बटण दाबेपर्यंत ते दाबतच राहील. हृदय बंद पडण्याचं कारण सापडून दूर होईपर्यंत मेंदूला आणि खुद्द हृदयाला थोडंफार रक्त पोचत राहावं, यासाठी ते असतं.

हृदय थांबलेलं असताना नुसतं बाहेरून दाबून रक्त फिरतं कसं?

हा प्रश्न नीट समजला की पुढची निम्मी उत्तरं आपोआप कळतात, म्हणून इथे जरा थांबूया.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत गाय निकरबॉकर कुत्र्यांवर डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचे, प्रयोग करत होते. जड इलेक्ट्रोड छातीवर जोराने टेकवले की शॉक देण्याआधीच रक्तदाबाची रेघ किंचित वर सरकते, हे त्यांच्या लक्षात आलं. तोपर्यंत हृदय बंद पडलं तर शल्यविशारद छाती उघडून हृदय हातात धरून दाबत. निकरबॉकर, अभियंते विल्यम कौवेनहोवेन आणि शल्यविशारद जेम्स ज्यूड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने छाती न उघडता बाहेरून दाबण्याची पद्धत जगापुढे आली. आजचं सगळं सीपीआर तिथून निघालं आहे.

दाबताना दोन गोष्टी होतात. छातीचं मधलं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये हृदय दाबलं जातं, आणि सगळ्या छातीतलाच दाब वाढून रक्त बाहेर ढकललं जातं. कोणत्या रुग्णात यातलं काय जास्त होतं हे शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असतं. पण हात वर उचलला जातो तो क्षण तितकाच महत्त्वाचा आहे. छाती पुन्हा फुगते, हृदयात रक्त भरतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त मिळतं ते मुख्यतः याच क्षणी. छातीवर रेलून दाबणारा माणूस जोर पुरेसा लावत असला तरी हा क्षण हिरावून घेतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधून रक्त ढकलणारा दाब एका फटक्यात तयार होत नाही. एकापाठोपाठ एक दाब देत गेलं की तो हळूहळू चढतो आणि दाबणं थांबलं की काही सेकंदांत कोसळतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्यात हा दाब एकदाही १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढला नाही अशा एकाही रुग्णाचं हृदय परत सुरू झालं नव्हतं. आणि अगदी उत्तम सीपीआरमध्येही रक्तप्रवाह नेहमीच्या पाव ते एक तृतीयांशच असतो. इतक्या तुटपुंज्या पुरवठ्यात दहा-वीस सेकंदांचा खंड परवडत नाही. यंत्राबद्दलचा प्रत्येक निर्णय मी याच कसोटीवर घासून बघते: यामुळे खंड कमी होणार की वाढणार?

हातांनी दाबण्यात काय कमी पडतं?

मोठ्या माणसात छाती किमान ५ सेंटिमीटर आणि ६ पेक्षा जास्त नाही इतकी दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकायला सोपं आहे. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा: दंड भरून येतात, कंबर बोलायला लागते. दमलेल्या माणसाची खोली पहिल्या एक-दोन मिनिटांतच घसरायला लागते आणि बहुतेकदा त्याला स्वतःला ते जाणवत नाही. म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा असा नियम आहे.

पुरेशी माणसं असतील, ती शिकलेली असतील आणि रुग्ण सपाट, कडक जागेवर असेल, तर हातांनी दिलेलं सीपीआर उत्कृष्ट असू शकतं. अडचण येते ती जिन्यात, धावत्या गाडीत, अरुंद लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्यावरून स्ट्रेचर खाली आणताना, किंवा तास उलटून गेल्यावर.

ही यंत्रं किती प्रकारची असतात?

मुख्यतः दोन.

पहिला प्रकार पिस्टनचा. पाठीखाली एक पाट, त्यावर कमानीसारखा सांगाडा, आणि कमानीतून खाली येणारा दट्ट्या छातीच्या मधोमध दाब देतो. ही कल्पना जुनीच आहे. दाबाखालच्या वायूवर चालणारं ‘थंपर’ हे यंत्र काही दशकं रुग्णालयांत वापरात होतं. आज सर्वांत जास्त दिसतं ते ‘लुकास’. नॉर्वेतले पॅरामेडिक विली विस्टनेस यांना धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये छाती दाबण्याचा धोका आणि निरर्थकता पुरेपूर कळली होती. त्यांच्या कल्पनेवर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले हृदयशल्यविशारद स्टिग स्टीन यांच्यासोबत काम झालं, आणि नावातही लुंड राहिलं. पहिलं लुकास दाबाखालच्या हवेवर चालायचं, नंतरची बॅटरीवर आली. सध्याचं लुकास मिनिटाला सुमारे १०२ वेळा, साधारण ५.३ सेंटिमीटर खोल दाबतं. ‘कॉर्पल्स सीपीआर’ या जर्मन यंत्रात कमानीऐवजी एकाच बाजूने येणारा हात असतो.

लुकासच्या दट्ट्याला सक्शन कप असतो, आणि सक्शनने छाती वर खेचण्याच्या विचारामागे एक खरी घटना आहे. १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी एक पत्र लिहिलं. एका माणसाच्या मुलाने संडास तुंबल्यावर वापरतात त्या रबरी पंपाने वडिलांची छाती दाबून आणि ओढून त्यांना वाचवलं होतं. या पत्रानंतर छाती दाबण्यासोबत वर खेचण्याचाही गंभीरपणे अभ्यास सुरू झाला. लुकासचा कप मात्र छाती जोराने वर ओढत नाही. ती आपल्या मूळ उंचीला परत यावी इतकंच पाहतो.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. ‘ऑटोपल्स’मध्ये रुग्ण एका पाटावर झोपतो आणि छातीभोवतीचा रुंद पट्टा आवळतो आणि सैल होतो. दाब एका जागी न पडता सगळ्या छातीवर पसरतो. याचा वेग मिनिटाला ८० असतो आणि छातीची जाडी सुमारे २० टक्क्यांनी कमी होईल इतकं ते आवळतं. वेग कमी म्हणून नवे लोक गोंधळतात, पण दाब देण्याची रीतच वेगळी असल्यामुळे हाताचे आकडे इथे लावायचे नसतात.

यंत्रामुळे जास्त लोक वाचतात का?

रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या सर्वच रुग्णांना सरसकट यंत्र लावलं, तर नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण यंत्र चालताना बघून मन लगेच ‘हे हातांपेक्षा चांगलंच असणार’ असा निकाल देतं.

पहिला मोठा धक्का २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पायर चाचणीने दिला. अमेरिका आणि कॅनडातल्या या चाचणीत ऑटोपल्स लावलेल्या गटात मेंदू चांगल्या स्थितीत ठेवून घरी गेलेले ३.१ टक्के होते, हाताने सीपीआर मिळालेल्या गटात ७.५ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्याच यंत्राची पुढची चाचणी, २०१४ ची सर्क, प्रशिक्षण आणि यंत्र लावण्याची पद्धत सुधारून ४,२३१ रुग्णांवर झाली. त्यात यंत्र आणि उत्तम दर्जाचं हाताचं सीपीआर बरोबरीचे ठरले.

लुकासची लिंक चाचणीही २०१४ चीच. स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधले २,५८९ रुग्ण. चार तासांनंतर जिवंत असलेले यंत्राच्या गटात २३.६ टक्के आणि हाताच्या गटात २३.७ टक्के. २०१५ च्या पॅरामेडिक चाचणीत ब्रिटनमधल्या ४,४७१ रुग्णांचा समावेश होता. ३० दिवसांनी जिवंत असलेले लुकास असलेल्या गाड्यांच्या गटात ६ टक्के, बाकीच्यांत ७ टक्के. फायदा दिसला नाही.

या शेवटच्या चाचणीतली एक बाब मला फार बोलकी वाटते. लुकासच्या गटात घातलेल्या रुग्णांपैकी प्रत्यक्षात सुमारे ६० टक्क्यांनाच ते लावलं गेलं. म्हणजे गाडीत यंत्र असणं आणि रुग्णाच्या छातीवर ते वेळेत बसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रोजच्या धावपळीत असंच घडतं.

यंत्र अचूक दाबतं, तरी निकाल सारखाच कसा?

एक तर चाचण्यांमधलं हाताचं सीपीआरही चांगलं होतं, कारण त्या टीमना त्यासाठी शिकवलं गेलं होतं. दुसरं, ज्यांचं हृदय पहिल्या एक-दोन शॉकमध्ये सुरू होऊ शकतं त्यांचं भवितव्य यंत्र पिशवीतून बाहेर निघेपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

आणि तिसरं कारण यंत्र लावतानाचा खंड. यंत्र पुढची वीस मिनिटं कितीही नियमित दाबणार असलं तरी ते बसवताना चाळीस सेकंद छातीवर कोणाचाच हात नसेल, तर चढलेला दाब तोवर पूर्ण उतरलेला असतो. त्याच गडबडीत पहिला शॉकही लांबतो. यंत्राची पहिली काही सेकंदं त्याच्या पुढच्या कामगिरीवर पाणी फिरवू शकतात.

मार्गदर्शक सूचना काय सांगतात?

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या आणि युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१ च्या सूचनांचा सूर एकच आहे: सरसकट सर्वांसाठी यंत्र वापरू नये. जिथे हातांनी दर्जेदार दाब देणं शक्य नाही किंवा दाबणाऱ्याच्याच जिवाला धोका आहे तिथे वापरता येतं, तेही शिकलेल्या टीमने आणि लावता-काढताना कमीत कमी खंड पाडून.

मग यंत्राची खरी गरज कुठे पडते?

धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये, हे माझं पहिलं उत्तर. गाडी वळण घेते, ब्रेक लागतो, आणि छाती दाबणारा माणूस पट्टा न लावता एका हाताने दांडा धरून उभा असतो. त्याचे निम्मे दाब वाया जातात आणि अपघात झाला तर तो स्वतः उडून आपटतो. यंत्र असेल तर तो खुर्चीत पट्टा लावून बसून रुग्णाकडे आणि मॉनिटरकडे लक्ष देऊ शकतो. हेलिकॉप्टरमध्ये तर जागाच नसते. ॲम्ब्युलन्समध्ये काम करणाऱ्यांचा जीवही मोलाचा आहे, आणि केवळ या एका कारणासाठी यंत्र घेणाऱ्या सेवेला मी मनापासून दाद देते.

दुसरी जागा कॅथ लॅब, म्हणजे क्ष-किरणांत बघत हृदयाच्या धमन्या उघडतात ती खोली. हृदयाची धमनी बंद झाल्यामुळे हृदय थांबलं असेल तर ती उघडल्याशिवाय सुटका नाही. क्ष-किरणांच्या झोतात हात घालून कोणी छाती दाबत राहणं दाबणाऱ्यासाठी वाईट आणि चित्रासाठीही वाईट. लुकासच्या बाजूच्या कमानी क्ष-किरणांना बऱ्यापैकी आरपार जाऊ देतात. मधला दट्ट्या आड येतो, पण कॅमेरा तिरका करून डॉक्टर काम करू शकतात.

तिसरी, एक्मोपर्यंत पोचवताना. एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत पाठवणारं यंत्र. अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अरेस्ट चाचणीत शॉकला दाद न देणाऱ्या ३० रुग्णांपैकी एक्मोच्या गटातले ४३ टक्के वाचून घरी गेले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ७ टक्के. या रुग्णांना रुग्णालयापर्यंत आणलं ते छाती दाबणाऱ्या यंत्रावर. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या इन्सेप्शन चाचणीत, जिथे अनेक केंद्रं होती, फरक ठळक निघाला नाही. अनुभवी केंद्रात जे जमतं ते सगळीकडे तसंच्या तसं जमत नाही.

चौथी, लांबणारं सीपीआर. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकून हृदय थांबलं आणि गुठळी विरघळवायचं औषध दिलं, तर औषधाला काम करायला ६० ते ९० मिनिटं दाबत राहण्याचा विचार करायला सांगतात. शरीर गारठल्याने हृदय थांबलं असेल तर रुग्ण पुन्हा उबेत येईपर्यंत हार मानायची नाही. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका तरुणीचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हृदय बंद होतं, तरी ती वाचली. इतका वेळ सारख्या दर्जाने दाबत राहणं हे काम यंत्राला शोभतं.

कोविडच्या काळात, २०२० साली, खोलीतली माणसं कमी ठेवण्यासाठीही यंत्रांचा विचार करायला सांगितलं गेलं. आणि रात्री जिथे दोनच माणसं हजर असतात अशा छोट्या ठिकाणी यंत्र तिसऱ्या माणसाची जागा भरून काढतं. तिथे सरसकट चाचण्यांचे आकडे दाखवून ‘यंत्राचा उपयोग नाही’ असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

यंत्र लावायचा क्रम काय असतो?

प्रत्येक यंत्राची पुस्तिका वेगळी, पण कमानीच्या यंत्राबद्दल सांगते. सुरुवात नेहमी हातांनीच. यंत्र बाहेर काढेपर्यंत एकजण दाबत राहतो. डिफिब्रिलेटरचे पॅड आधी चिकटवायचे आणि शॉक लागणार असेल तर तो यंत्रासाठी खोळंबून ठेवायचा नाही.

मग हृदयाचा ताल तपासायला थांबतोच, तेव्हा दोघांनी मिळून खांदे उचलायचे आणि पाट पाठीखाली, काखांच्या लगेच खाली, सरकवायचा. लगेच हात परत छातीवर. आता कमानीचा एक पाय आपल्या बाजूच्या पाटाला अडकवायचा आणि कमान दाबणाऱ्याच्या हातांवरून पलीकडे न्यायची. तो हात काढतो तेवढ्यात दुसरा पाय ‘खट्’ आवाज करून बसतो. एकदा वर ओढून बघायचं, दोन्ही बाजू अडकल्या आहेत ना. दोन बोटांनी सक्शन कप खाली आणायचा, छातीला फक्त टेकेल इतकाच. कपाची खालची कड छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या लगेच वर यायला हवी. मग बटणाने जागा पक्की करायची आणि सुरू करायचं. पाट आणि कमान या दोन्ही वेळचा खंड प्रत्येकी दहा सेकंदांच्या आत बसला पाहिजे, आणि सराव केलेल्या टीमला तो बसवता येतो.

यानंतरची गोष्ट बरेचजण विसरतात. यंत्र दाबता दाबता हळूहळू पोटाकडे सरकतं आणि मग दाब यकृतावर पडू लागतो. मानेमागून जाणारा पट्टा त्यासाठीच दिलेला असतो, तो लावा. कपाभोवती मार्करने छातीवर गोल काढून ठेवा म्हणजे सरकलेलं एका नजरेत कळतं. मनगटं यंत्राच्या पट्ट्यांत अडकवता येतात, पण त्या पट्ट्यांना धरून रुग्ण उचलायचा नाही.

यंत्र चालू असताना शॉक देता येतो का?

हो. पॅड आणि वायरी दट्ट्याखाली येणार नाहीत एवढं पाहायचं. ताल तपासताना मात्र यंत्र थांबवावं लागतं, कारण दाबण्याच्या हालचालीने ईसीजीवर खोट्या लाटा उमटतात आणि त्यावरून निर्णय चुकतो.

श्वासाचं काय?

तो वेगळा द्यावा लागतो. श्वासनलिकेत नळी नसेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास, आणि यंत्रात त्यासाठी वेगळी सोय असते. दोन श्वासांपुरतं ते स्वतः थांबतं. नळी टाकल्यावर दाब अखंड चालू आणि मिनिटाला सुमारे १० श्वास. बुडालेल्या किंवा गुदमरलेल्या माणसात प्राणवायूच संपलेला असतो, तिथे श्वासाकडे दुर्लक्ष करून नुसतं यंत्र लावणं घातक आहे.

यंत्राने बरगड्या मोडतात का?

मोडू शकतात, आणि हातांनीही मोडतात. नीट खोल दाबलं तर मोठ्या वयात बरगडी किंवा मधलं हाड मोडणं नेहमीचंच आहे. काळजी असते ती आतल्या अवयवांना होणाऱ्या इजेची. ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लुकासमुळे अशी गंभीर इजा हातांपेक्षा जास्त होत नसल्याचं दिसलं. ऑटोपल्सबद्दल मात्र तशी खात्री देता आली नाही. बरगडी जुळते. म्हणून हाड मोडल्याचा आवाज आला तरी दाबणं थांबवू नका, फक्त जागा बरोबर आहे का ते पाहा.

हृदय सुरू नसताना रुग्णाने डोळे उघडले, हात हलवले. हे कसं शक्य आहे?

दाब चांगला पडत असेल तर मेंदूला रुग्ण हालचाल करेल इतकं रक्त मिळू शकतं. कोणी डोळे उघडतो, कोणी नळी ओढायला जातो. यंत्र थांबवलं की तो पुन्हा निपचित होतो. पाहणाऱ्याला हे फार हादरवणारं असतं आणि नवखी टीम ‘नाडी आली’ समजून यंत्र थांबवते. नाडी, ताल आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघूनच ठरवायचं. रुग्णाला वेदना जाणवत असण्याची शक्यता धरून वेदनाशामक आणि गुंगीचं औषध थोड्या मात्रेत देण्याचा विचार डॉक्टर करतात. त्याच्याशी बोला, काय चाललं आहे ते सांगा. त्याला ऐकू येत असू शकतं.

कोणाला हे यंत्र लावू नये?

लहान मुलांना नाही. ही यंत्रं मोठ्यांच्या छातीसाठी बनवलेली आहेत. छाती फार लहान असेल तर लुकास कप खाली आणतानाच इशारा देतं आणि सुरू होत नाही. छाती फार मोठी असेल तर कमान पाटाला अडकतच नाही. अशा वेळी खटपट न करता हातांकडे परत यायचं.

छाती चिरडली गेली असेल किंवा अपघातात रक्तस्राव होऊन हृदय थांबलं असेल, तर आधी ते कारण हाताळायचं. रिकामं हृदय दाबून फारसं काही मिळत नाही. गरोदर स्त्रियांबाबत पुरेसे अभ्यास झालेले नाहीत, आणि तिथे गर्भाशय हाताने डाव्या बाजूला सरकवत हातांनीच दाबायचं असतं.

बॅटरी किती वेळ टिकते?

लुकासची साधारण ४५ मिनिटं, ऑटोपल्सची साधारण ३०. जास्तीची बॅटरी चार्ज केलेली जवळ हवी. लुकास वायर लावून विजेवरही चालतं, पण तेव्हाही बॅटरी आत असावी लागते.

सोसायटीत किंवा ऑफिसमध्ये असं यंत्र घेऊन ठेवावं का?

नको. त्या पैशात एईडी, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा छोटा डिफिब्रिलेटर, घ्या आणि जितक्यांना शक्य आहे तितक्यांना छाती दाबायला शिकवा. एईडी स्वतः बोलून सूचना देतो आणि शॉक लागणार नसेल तर देत नाही, त्यामुळे न शिकलेला माणूसही तो वापरू शकतो. छाती दाबणाऱ्या यंत्राला सराव केलेली टीम लागते. शिवाय पहिल्या चार-सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं, आणि त्या मिनिटांत तिथे असतात ते शेजारी, सहकारी, घरचे. यंत्र येणार असलं तरी ते ॲम्ब्युलन्ससोबत, नंतर येणार आहे.

आमच्या माणसाला यंत्र लावलंय. याचा अर्थ काय धरायचा?

हृदय अजून स्वतःहून पुरेसं चालत नाही आणि टीमने प्रयत्न सोडलेले नाहीत, इतकाच. यंत्र लागलं म्हणजे वाचण्याची शक्यता वाढली असंही नाही आणि शेवटचा उपाय चालू आहे असंही नाही. दिसायला ते फार उग्र असतं: सगळं शरीर हलतं, पोट उसळतं. जवळ थांबायचं असेल तर तसं विचारा. नातेवाइकांना जवळ थांबण्याची संधी द्यावी असंच आता सांगितलं जातं. बघवत नसेल तर बाहेर बसण्यात कसलाही कमीपणा नाही. टीमला उपयोगी पडेल अशी माहिती मात्र जरूर सांगा: कधी कोसळले, कोणी लगेच छाती दाबली का, कोणती औषधं चालू आहेत, आधीचे आजार कोणते, आणि त्यांनी स्वतः अशा उपचारांबद्दल कधी इच्छा बोलून दाखवली होती का.

यंत्र कधी बंद करतात?

नाडी परत आली की थांबवतात, पण यंत्र लगेच काढत नाहीत. हृदय पुन्हा थांबू शकतं, म्हणून ते जागेवरच ठेवून पुढच्या उपचारांना लागतात. दुसरी वेळ जास्त अवघड. माणूस दाबत असेल तर टीमचा थकवाच कधीतरी प्रश्न विचारतो. यंत्र थकत नाही, त्यामुळे प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. हृदय का थांबलं, ते कारण दूर करता येण्याजोगं आहे का, सीपीआर सुरू व्हायला किती वेळ गेला, ताल शॉक देण्याजोगा आहे का, कार्बन डायऑक्साइडचा आकडा सतत खाली आहे का, हे सगळं एकत्र पाहून ज्येष्ठ डॉक्टर टीमशी बोलून ठरवतात. यंत्र अजून चालू शकतं, हे पुढे चालू ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

आमचं रुग्णालय यंत्र घेतंय. काय पाहावं?

किंमत आणि वजन विक्रेता सांगेलच. तुम्ही विचारा: पाट, सक्शन कप किंवा पट्टा यातलं काय दर रुग्णाला बदलावं लागतं आणि त्याचा चालू खर्च किती? बॅटऱ्या किती मिळणार? तुमचं स्ट्रेचर, लिफ्ट आणि कॅथ लॅबचं टेबल यावर ते बसतं का? वापराची नोंद यंत्रातून काढून नंतर टीमला दाखवता येते का?

मग घड्याळ लावून पुतळ्यावर सराव करा आणि खंड मोजा. पहिल्या दिवशी तो तीस सेकंदांच्या वर जाईल, त्याने खचू नका. कोण पाट सरकवणार, कोण कमान, कोण मोठ्याने सेकंद मोजणार हे ठरवून पुन्हा पुन्हा केलं की तो दहाच्या आत येतो. खऱ्या रुग्णानंतर डिफिब्रिलेटरमधली नोंद काढून खंड किती पडला ते बघा, त्याच दिवशी. रात्रपाळीच्या लोकांचा सराव रात्रपाळीतच घ्या, जितकी माणसं रात्री असतात तितक्याच माणसांत, आणि यंत्र कपाटात कुलूपबंद न ठेवता क्रॅश कार्टशेजारी, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीशेजारी, चार्जिंगला लावून ठेवा.